तुम्ही विचारलंत म्हणून: सरकारी विद्यापीठ की खाजगी, पैशाचं चीज कुठे?

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात हा प्रश्न हमखास येतो. ‘केगावचं आपलं विद्यापीठ बरं, की पुण्यातलं एखादं खाजगी?’ उत्तर देण्याआधी विद्यापीठाच्या खर्चाला कशाने भागायचं ते ठरवावं लागतं, आणि बहुतेक तुलना तिथेच फसतात.

केगावचं हे विद्यापीठ, म्हणजे अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, २००४ साली एका जिल्ह्यापुरतं सुरू झालं. त्याची कामं दोन: केगावच्या आवारातले विभाग चालवणं आणि बार्शीपासून अक्कलकोटपर्यंतच्या संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा घेऊन पदव्या देणं. खाजगी विद्यापीठाला महाविद्यालयं संलग्न करून घेता येत नाहीत. आता एकूण खर्चाला सगळ्या संलग्न विद्यार्थ्यांनी भागलं, तर सरकारी विद्यापीठ फुकटात चालल्यासारखं दिसतं. फक्त आवारातल्या विद्यार्थ्यांनी भागलं, तर अख्ख्या परीक्षा विभागाचा बोजा त्यांच्या माथी येतो. दोन्ही आकडे निरुपयोगी. परीक्षेचा खर्च आधी बाजूला काढायचा, मग विभागाची विभागाशी तुलना करायची.

दुसरी गफलत फीची. फी म्हणजे खर्च नव्हे. अनुदानित महाविद्यालयातल्या प्राध्यापकांचा पगार शासन देतं, तो मिळवल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. खाजगीत इमारतीच्या कर्जाचं व्याज आणि जाहिरातीसुद्धा फीतूनच वसूल होतात.

खर्च वर्षाला किती, यापेक्षा एका पदवीमागे किती, हे बघा. समजा, सरकारीत विद्यार्थ्यामागे वर्षाला ४० हजार लागतात, शंभरांनी प्रवेश घेतला आणि तीन वर्षांत साठ जण उत्तीर्ण झाले. सगळे शेवटपर्यंत टिकले असं धरलं, तरी खर्च १ कोटी २० लाख, म्हणजे पदवीमागे दोन लाख. खाजगीत ८० हजार लागतात आणि नव्वद उत्तीर्ण होतात, तर पदवीमागे सुमारे २ लाख ६७ हजार. दुपटीचा फरक एक तृतीयांशावर आला! मात्र खाजगी विद्यापीठ स्वतःच शिकवतं आणि स्वतःच पेपर तपासतं, संलग्न महाविद्यालयाचा पेपर विद्यापीठ काढतं. त्यामुळे हे नव्वद आणि ते साठ एकाच तराजूत बसत नाहीत. शिवाय खेड्यातून रोज एसटीने येणारी, घरात पहिल्यांदाच कॉलेज बघणारी मुलं कुठे जास्त आहेत, हेही धरायला हवं.

स्वस्त म्हणजे कार्यक्षम, असंही नाही. प्राध्यापकांच्या मंजूर जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधन देऊन, काम भागवलं की खर्च आपोआप घटतो. माझ्या मते सरकारी बाजूचा सगळ्यात फसवा आकडा हाच.

संशोधक यासाठी १९७८ साली मांडलेली ‘डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस’ ही पद्धत वापरतात. कमी साधनांत जास्त फळ कोण काढतं, हे ती विद्यापीठं एकमेकांशी ताडून ठरवते. शिक्षक, कर्मचारी, खर्च एका बाजूला. पदव्या, पीएचडी, शोधनिबंध दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंचे घटक मिळून जितके, त्याच्या किमान तिप्पट विद्यापीठं लागतात. इथे सहा घटक, म्हणजे अठरा विद्यापीठं. दहाच घेतली तर जवळपास सगळीच ‘पूर्ण कार्यक्षम’ ठरतात.

प्रवेशापुरतं बोलायचं तर संस्थेच्या संकेतस्थळावर एनआयआरएफला, म्हणजे केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीला, दिलेली माहिती शोधा. वेळेत उत्तीर्ण झालेल्यांचा आकडा त्यात असतो. नोकरीचा मध्यम पगारही (अर्ध्यांना त्याहून जास्त, अर्ध्यांना कमी) असतो, पण तो फक्त नोकरी लागलेल्यांचा. तेव्हा तुकडीतल्या किती जणांना लागली, ते शेजारच्या रकान्यात आधी वाचा. आणि विभागात पूर्णवेळ प्राध्यापक किती, हे तिथे जाऊनच विचारा.