खेळायला काढलेली जुनी कार्डं

रविवार, नवतपा

दुपारी घराबाहेर पडायचा प्रश्नच नव्हता. भाचा सुट्टीवर आलाय. त्याला फोनवरचा पोकेमॉन पॉकेट हा कार्डांचा खेळ येतो, वीस कार्डांच्या डेकचा, म्हणजे जुडीचा. म्हटलं, चल, आज साठ कार्डांचा मूळ पोकेमॉन खेळ खेळू, तोही जुन्या कार्डांनी. मी बाइंडरमधून चारिझार्ड या पोकेमॉनचं कार्ड काढलं आणि भाचा उडालाच. "मामा, याच्यानं खेळून राहिले का तुम्ही? किंमत किती आहे याची!"

किंमत आहेच. जपानात हा खेळ १९९६ मध्ये आला, आणि १०२ कार्डांचा इंग्रजी बेस सेट, म्हणजे पहिला संच, विझार्ड्स ऑफ द कोस्टनं १९९९ च्या जानेवारीत काढला. माझ्याकडची कार्डं पहिल्या आवृत्तीची नाहीत. नंतरच्या छपाईची, कडा पांढऱ्या पडलेली, म्हणून तर परवडली. या पांढऱ्या कडांना गोळा करणारे नाकं मुरडतात. पण कोणीतरी कुठेतरी ती मनसोक्त पिसली, म्हणून तर त्या घासल्या ना!

चारिझार्ड भाच्यालाच दिला. मित्सुहिरो अरिताचं ते चित्र कितीही वेळा पाहिलं तरी भारीच वाटतं. पण डावात त्याची फरफट बघवत नाही. आधी त्याची लहान रूपं मांडायची, चारमँडर, मग चारमेलिऑन, मग कुठे हा. त्याच्या फायर स्पिन या हल्ल्याला चार एनर्जी, म्हणजे ऊर्जेची कार्डं, लागतात आणि एका पाळीत लावता येते एकच. घाव १०० चा बसतो खरा, पण त्यापायी दोन एनर्जी टाकून द्याव्या लागतात. भाच्यानं चौथी एनर्जी जमवत आणली, की मी एनर्जी रिमूव्हल हे कार्ड टाकून एक काढून घ्यायचो. पुन्हा जमवली, पुन्हा काढली.

"हे चीटिंग आहे मामा."

"काऊन बे? कार्डावर लिहून आहे ना, वाच."

एनर्जी रिमूव्हलच्या कोपऱ्यात गोळा छापलेला असतो, म्हणजे अगदी साधं कार्ड. चौकट म्हणजे त्याहून दुर्मीळ, आणि चांदणी सगळ्यात वर. बाइंडरमध्ये चांदणीवाल्यांना पुढची पानं मिळतात आणि हे गोळेवाले मागे रबरबँड लावून पडलेले असतात. खेळायला बसलं की पानं उलटी लावावीशी वाटतात.

माझ्या हिटमनचॅनची, म्हणजे फायटिंग प्रकारच्या पोकेमॉनची, गंमत वेगळीच. एका एनर्जीत २० चा ठोसा. त्या काळी त्याच्याभोवती बांधलेल्या हेमेकर डेकनं भल्याभल्यांना रडवलं होतं. पण चारिझार्डच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय: फायटिंगच्या माऱ्यातून ३० वजा. म्हणजे ठोसा शून्य! शेवटी त्याच्या जागी विजेचा इलेक्टाबझ काढावा लागला. काचेच्या कपाटात उभं केलेलं कार्ड ही ओळ वाचायला लावत नाही. ग्रेडिंग करून, म्हणजे दर्जा ठरवून, प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेल्या कार्डांचं मला म्हणूनच फारसं कौतुक नाही. त्यांचं ते जाणोत.

आणि प्रोफेसर ओकचं कार्ड! हातातली सगळी पानं टाका, नवी सात उचला. आताच्या खेळात अशा कार्डांना एका पाळीत एकदाच, ही मर्यादा आहे. तेव्हा ती नव्हती. भाच्यानं एकाच पाळीत दोन ओक खेळले, चांगली चांगली कार्डं धडाधड फेकली. फेकताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मध्येच एक व्याप झाला. कूलर जोरात होता, त्यामुळे चमकीची कार्डं पापडासारखी वळायला लागली. मागचा कागद ओल पितो आणि फुगतो, पुढचा चमकीचा थर काही पीत नाही, मग कार्ड वाकतं. कूलर बंद केला तर आपण शिजतो. शेवटी चमकीवाली तेवढी स्लीव्हमध्ये घालून पुस्तकाखाली दाबली आणि साध्या कार्डांवर पुढचा डाव खेळलो.

लहानपणी डब्लूडब्लूएफच्या ट्रम्प कार्डांवर आमच्या गल्लीत मारामाऱ्या व्हायच्या. कोणाचं वजन किती, छाती किती, पाठ असायचं. एकाचंही कार्ड धड कोपऱ्याचं नव्हतं, पण कोणतं कुणाकडे आहे हे अख्ख्या गल्लीला ठाऊक.

रात्री जेवताना भाचा विचारत होता, ब्लास्टॉइजचा डेक बांधता येईल का. त्याच्या रेन डान्स या शक्तीमुळे पाण्याच्या एनर्जी हव्या तितक्या लावता येतात, हे त्यानं शोधून ठेवलंय. ब्लास्टॉइज माझ्याकडे आहे. त्याला लवकर उभा करणारी पोकेमॉन ब्रीडर कार्डं मात्र पुरेशी नाहीत. उद्या बघतो, कोणाकडे घासलेली, स्वस्तातली मिळतात का.