मेंदूतला खवटपणा

अल्झायमर या विस्मरणाच्या आजारावरील संशोधनासाठी अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनला येऊन मला तीन वर्षे होत आली, तरी उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधून नळी बाहेर काढताना हात अजूनही क्षणभर थबकतो. नळीत तांदळाच्या चार दाण्यांएवढा मेंदूचा तुकडा असतो. तिच्यावर नाव नसते, केवळ क्रमांक असतो. पण हा मेंदू कोणीतरी हयातीतच विचारपूर्वक देऊ केला होता, हे आम्हाला ठाऊक असते. केंटकी विद्यापीठात ही परंपरा जुनी आहे. ज्या ६७८ कॅथलिक धर्मभगिनींच्या वार्धक्याचा अभ्यास येथून बरीच वर्षे चालला, त्यांनीही मेंदूदानाला संमती दिली होती.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण तो एकूण प्राणवायूपैकी जवळजवळ २० टक्के वापरतो. शिवाय त्याच्या पेशींची आवरणे सहज ऑक्सिडीकरण होणाऱ्या, म्हणजे प्राणवायूमुळे बिघडणाऱ्या, स्निग्धाम्लांनी भरलेली असतात. डब्यातले खोबरे ज्या क्रियेने खवट होते, तीच क्रिया तेथे घडते आणि तीतून निर्माण होणारे पदार्थ प्रथिनांना चिकटून त्यांचा आकार व काम बिघडवतात.

हा बिघाड डोळ्यांना दिसू शकतो, याचे मला आजही अप्रूप वाटते. आम्ल मिसळलेले एक पिवळे द्रावण प्रथिनांवरील कार्बोनिल गटांना, म्हणजे ऑक्सिडीकरणाने उमटलेल्या रासायनिक खुणांना, पकडते आणि पुढच्या टप्प्यांनंतर पातळ पडद्यावर काळे पट्टे उमटतात. अल्झायमरच्या मेंदूत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसचा पट्टा गडद येतो, तर त्याच माणसाच्या अनुमस्तिष्काचा, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मागच्या भागाचा, फिकट.

मात्र सगळी प्रथिने सारखी होरपळत नाहीत. येथील अॅलन बटरफिल्ड यांच्या गटाने २००२ मध्ये अशी काही प्रथिने नावानिशी ओळखली. क्रिएटिन कायनेज बीबी पेशीची ऊर्जा सांभाळते, ग्लुटामाइन सिंथेटेज ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा घातक साठा होऊ देत नाही आणि यूसीएच-एल१ खराब प्रथिनांची विल्हेवाट लावणाऱ्या यंत्रणेतले आहे. हे शेवटचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण झाडणाराच आजारी पडला की कचरा साचणारच. पार्किन्सनच्या मेंदूतही त्याचे ऑक्सिडीकरण झालेले आढळले आहे.

माझी आजी मिरजेच्या घरात शेवटी दर दहा मिनिटांनी "दिवे लावलेस का गं?" असे विचारायची. त्यामुळे आई फोनवर ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या ई-जीवनसत्त्वाच्या गोळ्यांविषयी विचारते, तेव्हा तिची भीती मला कळते. मी तिला खरे तेच सांगते: १९९७ च्या चाचणीत अल्झायमरच्या मध्यम अवस्थेतील रुग्णांची घसरण काहीशी लांबली, पण २००५ च्या चाचणीत सौम्य विस्मरण असलेल्यांना अल्झायमरपासून वाचवता आले नाही. डॉक्टरांना न विचारता गोळी घेऊ नये.

हे नुकसान रोगाचे कारण की परिणाम, यावर वाद आहे. परंतु अल्झायमरच्या आधी दिसणाऱ्या सौम्य विस्मरणाच्या अवस्थेतील मेंदूंतही कार्बोनिल वाढलेले दिसते, म्हणजे ते केवळ रोगाच्या अखेरीची राख नव्हे. या आठवड्यात माझ्या बर्फाच्या पेटीत त्याच अवस्थेतल्या सहा नळ्या आहेत.