तुम्ही विचारलंत म्हणून : ‘प्यू’वरची टोपी

“मॅडम, फ्रेंचमधल्या सबजाँक्तिफचे चारही काळ पाठ करायचे का? बोलताना त्यातले दोन कुणीच वापरत नाही म्हणे.” बी-टूच्या, म्हणजे सहांपैकी चौथ्या पातळीच्या, वर्गात दर वर्षी कुणीतरी हे विचारतंच. हल्ली जुने विद्यार्थीसुद्धा रात्री व्हॉट्सॲपवर विचारतात. दोन ओळींच्या उत्तरानं भागत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितेय. सबजाँक्तिफ म्हणजे इच्छा, भावना, शक्यता सांगताना येणारी क्रियापदाची रूपं, साधारण आपल्या विध्यर्थासारखी.

प्रेजाँ, पासे, अँपारफे आणि प्ल्यु-क-पारफे हे ते चार. पहिला वर्तमान, उरलेले तिन्ही भूतकाळाच्या नावाचे, आणि नावांमुळेच घोटाळा होतो. मुलं ‘कोणता किती जुना’ हे शोधत बसतात. असा फरक त्यांच्यात नाही. घटना कधी घडली हे बाजूला ठेवून आधी मुख्य क्रियापद कोणत्या काळात उभं आहे ते बघायचं.

आपल्या विध्यर्थाकडे बघा. ‘त्यानं यावं असं मला वाटतं’ आणि ‘त्यानं यावं असं मला वाटत होतं’. वाटणं मागे गेलं, पण ‘यावं’ जागचं हललं नाही. आजचा फ्रेंच माणूस बोलताना हेच करतो. इच्छा आजची असो की कालची, तो ‘किल व्हिएन’च म्हणतो. जुनं व्याकरण मात्र अडून बसतं : मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की मागोमाग यालाही जावं लागेल, म्हणून ‘किल व्हँ’. हा अँपारफे. अर्थामध्ये काडीचा फरक नाही, नुसता मेळ आहे. ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी’ म्हणताना आपण विशेषण बदलतो, तसाच.

पासेचं तसं नाही. तो रोजच्या बोलण्यात जिवंत आहे आणि त्याच्यावाचून अडतं. ‘ज स्वी काँताँत किल व्हिएन’ म्हणजे तो येणार याचा मला आनंद आहे. ‘किल स्वा व्हन्यू’ म्हटलं की तो येऊन गेलासुद्धा. इथे चूक झाली तर समोरचा एक ताट जास्त वाढून वाट बघत बसेल. म्हणून बोलण्यासाठी हे दोनच पक्के करा, प्रेजाँ आणि पासे. बी-टूला तेवढं पुरतं.

चौथा, प्ल्यु-क-पारफे, म्हणजे मेळासाठी आणखी मागे सरकलेला पासे : ‘किल फ्यू व्हन्यू’. पण त्याच्याकडे दुसरंही एक काम आहे, आणि ते मला फार आवडतं. क्लिओपात्राच्या नाकाबद्दलचं पास्कालचं वाक्य घ्या : ते जरा आखूड असतं तर पृथ्वीचा चेहराच बदलला असता. त्यातलं ‘असतं तर’ म्हणजे ‘सिल युतेते’, हाच प्ल्यु-क-पारफे. पास्कालनं दुसऱ्या अर्ध्यात आजचा कोंदिस्योनेल, म्हणजे ‘झालं असतं’ सांगणारं नेहमीचं रूप घातलं, पण जुन्या फ्रेंचमध्ये दोन्हीकडे हेच रूप चालायचं. ‘पाऊस झाला असता तर पीक आलं असतं’ म्हणताना आपणही दोन्हीकडे ‘असता-असतं’च ठेवतो. संकेतार्थ शाळेत शिकलेल्या मराठी मुलाला हे वाक्य परकं वाटायचं कारणच नाही. इंग्रजीतून शिकायला गेलं की मात्र ते अवघड होऊन बसतं.

अँपारफे बोलण्यातून गेला त्याला बराच काळ लोटला. 26 फेब्रुवारी 1901 च्या सरकारी आदेशानं परीक्षांमध्ये काही ठिकाणी त्याच्या जागी प्रेजाँ चालवून घ्यायला परवानगी दिली, तोवर लोकांनी तो बोलण्यातून जवळपास सोडलाच होता. एक कारण कानाचं आहे. ‘-आस’, ‘-आसिए’ हे शेवट फ्रेंच कानाला जड लागतात, कारण ‘-आस’ हा प्रत्यय नामांना लागला की बहुधा तुच्छता दाखवतो. फ्रान्समध्ये पहिल्याच वर्षी शेजारच्या आजींकडे मी पुरणपोळी घेऊन गेले आणि पुस्तकात शिकल्याप्रमाणे ‘तुम्ही चाखावी अशी इच्छा होती’ हे ‘क वू गूतासिए’ असं म्हटलं. आजींनी ताटली हातात घेतली, थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “माझ्या शाळेतल्या बाई असं लिहायच्या.” त्या आवाजातली माया मला अजून आठवते.

मग अँपारफे आणि प्ल्यु-क-पारफे सोडून द्यायचे का? नाही. बोलू नका, पण ओळखायला शिका. तेही सगळे पुरुष नकोत. पुस्तकांत भेटतो तो मुख्यतः तृतीय पुरुष, आणि त्यातही एकवचन : फ्यू, यू, प्यू, व्हँ. या सगळ्यांच्या डोक्यावर एक टोपी असते, म्हणजे स्वरावरची ‘^’ ही खूण. तिथे पूर्वी ‘एस’ होता, ‘फ्यू’ हे ‘फुस्त’ होतं. उच्चारातून तो गेला आणि लिखाणात टोपी राहिली. 1990 च्या शुद्धलेखन सुधारणेत ‘इ’ आणि ‘उ’वरच्या बऱ्याच टोप्या ऐच्छिक झाल्या, पण या रूपांवरची ठेवली. ठेवलीच पाहिजे होती. टोपी काढली की तोच उच्चार पासे सँप्लचा, म्हणजे गोष्टीत सांगितलेल्या घडलेल्या भूतकाळाचा होतो.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीनं भाषांतर आणून दाखवलं : ‘ज्या डॉक्टरनं त्याला बरं केलं, त्याला तो शोधत होता.’ पुढच्याच पानावर तो रुग्ण मरतो. ती हैराण. “मॅडम, बरा झालेला माणूस मेला कसा?” वाक्य होतं ‘इल शेर्शे अँ मेदसँ की प्यू ल गेरीर’. आम्ही तिची झेरॉक्स उजेडात धरली. ‘प्यू’वर काही दिसेना. कपाटातून मूळ पुस्तक काढलं, पान शोधलं, आणि तिथे ती होती, मुंगीच्या पायाएवढी. बरं करू ‘शकेल’ असा डॉक्टर तो शोधत होता. तसा डॉक्टर त्याला शेवटपर्यंत भेटला नव्हता. तिनं पेन्सिल मागून घेतली आणि झेरॉक्सवर टोपी काढली.