नऊ महिने आत, आठ दिवस बाहेर

कॅज्युअल्टीत नाइट ड्युटी करून मला बरीच वर्षं झाली, पण ही एक रात्र काही डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

रात्री दीडच्या सुमारास सिक्युरिटीवाला धावत आला, मॅडम कोणीतरी एका पोराला गेटवर टाकून पळालंय. जाऊन बघते तर विशी-बाविशीचा मुलगा, ओठ निळे पडलेले, घशातून घोरल्यासारखा आवाज आणि श्वास मिनिटाला जेमतेम चार. टॉर्च मारला तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. एवढं दिसल्यावर फार काही विचारावं लागत नाही, गर्दचा, म्हणजे हेरॉइनचा ओव्हरडोस. हाताने दाबून श्वास देतात ती अंबू बॅग लावली, सिस्टरने गर्दचा असर उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन भरलं, हाताला शीर काही मिळेना, सगळ्या सुयांनी कडक झालेल्या, म्हणून पहिला डोस मांडीतच दिला. दोन-तीन मिनिटं गेली आणि त्याने एकदम मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा.

बॅग दाबता दाबता आमचा वॉर्डबॉय म्हणाला, मॅडम अशांना गोळ्या घातल्या पाहिजेत, चार जणांना फासावर द्या मग बघा कसे सरळ होतात. खरं सांगते, काही वर्षांपूर्वी मी पण हेच म्हणायचे, मनापासून म्हणायचे.

अर्ध्या तासाने टाकून पळालेल्यांपैकी एक पोरगा परत आला. आत येईना, दाराशीच भिंतीला चिकटून उभा. "जगला का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं जगलाय, पण किती घेतलं ते खरं सांग. तर म्हणाला, "जास्त नाही हो मॅडम, पहिल्यासारखंच घेतलं, नेहमीचंच. सुटून आठच दिवस झालेत त्याला."

इथेच सगळं आलं. नऊ महिने तुरुंगात राहिल्यावर शरीराची सहन करायची ताकद उतरते, तलफ मात्र तशीच राहते, आणि माणूस बाहेर येऊन जुन्याच हिशोबाने पुडी घेतो. आधी ज्याने नुसती गुंगी यायची त्यानेच आता श्वास बंद पडतो. सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, हे आमच्या फील्डमधल्या लोकांना माहीत असतं पण सुटणाऱ्याला गेटवर कोण सांगतं?

आणि दुसरी गोष्ट त्या पोराने न विचारता सांगितली, की तो निळा पडायला लागल्यावर ते दोघं वीस मिनिटं नुसते तोंडावर पाणी मारत बसले होते, कारण हॉस्पिटल म्हणजे पोलिस आणि पोलिस म्हणजे आपण पण आत. ती वीस मिनिटं त्याला मारू शकली असती. मी त्या पोराचं नाव विचारलं नाही. पोलिसांना कळवणं भाग होतं, ते मी पेशंटपुरतं कळवलं.

सव्वादोनला वडील आले. साधा माणूस, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. म्हणाले, "डॉक्टर, मीच दिला होता त्याला पकडून. घरातलं सगळं विकत होता, वाटलं आत राहील तर सुटेल त्यातून." त्यांना काय सांगणार, बापाने दुसरं काय करायचं होतं? औषधाचा रस्ता त्यांना कोणी दाखवलाच नव्हता. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्दची तलफ आटोक्यात ठेवायला डॉक्टर देतात ती औषधं, ही नावं त्या रात्री ते पहिल्यांदाच ऐकत होते.

कडक शिक्षेने प्रश्न सुटला असता तर फिलिपिन्समध्ये सुटायला हवा होता, २०१६ नंतर सरकारी आकड्यानुसारच ६,००० च्या वर माणसं पोलिस कारवायांत मारली गेली, तरी तिथून ड्रग्ज काही संपले नाहीत. लोक सिंगापूरचं नाव घेतात, तिथे १५ ग्रॅमच्या वर हेरॉइनची तस्करी केली की फाशीची तरतूद आहे, आणि व्यसनाचं प्रमाण कमी आहे हेही मान्य, पण ते एक छोटं बेट आहे, बंदोबस्त करता येतो, मोठ्या देशाला ते माप लावता येत नाही. इराणने वर्षानुवर्षं शेकड्याने फाशी दिली, शेवटी २०१७ मध्ये किती ड्रग्ज सापडल्यावर फाशी द्यायची ती मर्यादा त्यांनाच वाढवावी लागली, म्हणजे फाशीचा कायदा सैल करावा लागला, आणि त्याच इराणने तुरुंगात मेथाडोन सुरू केलं! पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरतं ड्रग्ज बाळगणं हा फौजदारी गुन्हाच ठेवला नाही, असा माणूस सापडला की त्याला कमिशनसमोर बसवतात आणि उपचाराकडे वळवतात, विकणारा मात्र तिथेही जेलमध्येच जातो. आणि जायलाच पाहिजे, पुड्या विकून पोरांच्या जिवावर पैसे करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात काडीची दया नाही. पण आमच्या कॅज्युअल्टीत तो कधी येत नाही, येतात ती ही पोरं.

पावणेतीनला तो मुलगा जागा झाला आणि सलाईन उपटून निघाला, "मला जाऊ द्या, पोलिस येतील." आता हे समजून घ्या, नॅलोक्सोनचा असर तास-दीड तासात ओसरतो आणि गर्द अंगात शिल्लक राहू शकतं, म्हणजे तेव्हा तो गेला असता तर रस्त्यात कुठेतरी परत श्वास थांबायचा. वडिलांनी त्याला धरला नाही, ओरडले पण नाहीत, नुसते पायाशी बसले आणि म्हणाले, "आलेच तर मी आहे ना इथे, या वेळी मी बोलतो त्यांच्याशी." तो बसला. वीस मिनिटांनी परत गुंगीत गेला, श्वास आठवर आला, दुसरा डोस द्यावा लागला.

मला दुसरे पेशंट होते, सिस्टर एकटी. मी वडिलांना घड्याळ दाखवून सांगितलं, काका, छाती वर आली की एक मोजायचा, पूर्ण मिनिटभर, दहाच्या खाली गेलं की मला हाक मारा.

सकाळी सातला राउंडला गेले तर ते तसेच बसलेले, मांडीवर त्याच्या सुटकेच्या कागदाची झेरॉक्स, आणि तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वरपासून खालपर्यंत पेनाने आकडे लिहिलेले. अकरा. बारा. बारा. अकरा. तेरा.