बडोद्यात लेकीने डाख दिला

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात चार दिवस माहेरी, बडोद्याला जाऊन आले. त्यातले तीन दिवस उंधियू, नातेवाईक आणि गच्चीवरचं ऊन यांतच सरले. लिहायचंय ते रविवारबद्दल. त्या दिवशी बाबा, आई, नऊ वर्षांची लेक आणि मी असे चौघं 'स्वतः करून बघा' छापाच्या एका मेळ्याला गेलो होतो. शोध, हस्तकला, जुगाड, सगळं एकाच मैदानावर.

दांडिया बाजारातून रिक्षा केली. रस्त्याच्या कडेला खांबांना दोरे ताणून मांजा चढवणं चालू होतं. सगळा रस्ता गुलाबी झालेला, रंगवणाऱ्यांच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. वाटेत कलाभवनाचे घुमट दिसले आणि बाबांनी नेहमीप्रमाणे नातीला सांगितलं, "सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलं हे. सुतारकाम, रंगाई, यंत्रकाम, सगळं मातृभाषेतून शिकवायचे. दादासाहेब फाळके इथलेच विद्यार्थी." मी हे लहानपणापासून ऐकतेय. पण बाबांनी ३४ वर्षं कारखान्यात लेथवर काढलीत. ते कलाभवनाबद्दल बोलतात तेव्हा आवाज वेगळाच लागतो, आणि तो मला अजून ऐकावासा वाटतो.

मेळ्याला गर्दी इतकी, की आई दहा मिनिटांत सावलीतली खुर्ची धरून बसली. पहिल्याच टेबलावर माझं डोकं तापलं. टूथब्रशचं डोकं, मोबाईलमधली थरथरणारी इवलीशी मोटर आणि बटणाएवढा सेल जोडून पळणारा किडा बनवायचा होता. दीडशे रुपये. लेकीने हात पुढे केला तोवर तिथल्या मुलाने मोटर चिकटवली, तारा लावल्या आणि थरथरणारा किडा तिच्या तळहातावर ठेवला. दोन मिनिटंही लागली नसतील. "अरे, तिला करू दे ना," मी म्हटलं. "मावशी, मागे रांग बघा." शेजारी एक वडील मुलाच्या हातात तयार किडा देऊन फोटो काढत होते. लेक हळूच म्हणाली, "आई, पण हा मी नाही केलेला." तो किडा तिने पुढे दिवसभर पिशवीतून काढला नाही. मुलांना हात लावू द्यायचा नसेल तर मेळा कशाला भरवायचा, हा प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. रांग लांब असेल तर कमी मुलं घ्या, पण घ्याल त्यांना बिघडवू तरी द्या.

मैदानाच्या टोकाला, मुतारीजवळच्या गैरसोयीच्या कोपऱ्यात, इंजिनिअरिंगच्या दोन विद्यार्थिनींनी सोल्डरिंगचं, म्हणजे वितळत्या धातूने डाख देऊन जोडण्याचं, टेबल मांडलं होतं. गर्दी नव्हती, कारण तिथे झटपट काहीच मिळत नव्हतं. हिरव्या पट्टीवर लाल एलईडी, एक बटण आणि तीन व्होल्टचा सेल बसवायचा. एलईडीचा लांब पाय धन बाजूला. लेकीने सोल्डरिंगच्या दांडीच्या तापलेल्या टोकावरच डाखाची तार वितळवली आणि तो थेंब पट्टीवर टाकला. मळकट गोळी झाली, दिवा लागला नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा पट्टी जळली. त्या मुलीने चेहऱ्यावर काही न दाखवता नवी पट्टी दिली आणि एवढंच म्हणाली, "फरी कर, बेन."

तेव्हा बाबा वाकले. "डाख देतेयस तू. कल्हई पाहिलीयस कधी?"

तिने कुठून पाहिली असणार! मग त्या टेबलाशीच बाबांनी आमच्या वाड्यातला कल्हईवाला उभा केला. भात्याने फुलवलेले निखारे, त्यावर तापणारं पितळी पातेलं, नवसागराची चिमूट पडताच उठणारा पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेलं कथील क्षणात सगळीकडे फिरवायचं. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक-आमटी कळकते, म्हणून हा सगळा खटाटोप. "भांडं नीट तापलं नाही तर कथील धरत नाही. आणि नवसागराशिवाय धातूवरचा मळ सुटत नाही." त्यावर ती विद्यार्थिनी हसून म्हणाली, की ह्या तारेच्या पोटात राळ असते, तिचं काम तेच, आणि तारही कथील आणि शिशाचीच, म्हणून हात धुतल्याशिवाय खायचं नाही.

लेकीने आधी पट्टी आणि एलईडीचा पाय दोन्ही तापू दिले. मग तार त्यांना टेकवली, टोकाला नाही. कथील आपणहून पसरलं आणि चकचकीत, निमुळतं बसलं. दिवा लागला. चाळीस मिनिटं गेली होती. ती ओरडली नाही, नाचली नाही. दिवा चालू-बंद, चालू-बंद करत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते राळेच्या धुराने आलं असं मी सांगणार नाही.

पुढे संखेड्याचे, म्हणजे लाखकामाच्या लाकडी फर्निचरच्या गावचे, एक कारागीर बसले होते. फर्निचरच्या सागवानी पायावर कथलाच्या रंगाने पांढरट रुपेरी नक्षी काढलेली. पाय लेथवर फिरायला लागला, त्यांनी लाखेची कांडी दाबली, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढत गेली, आणि रुपेरी नक्षी डोळ्यांदेखत सोनेरी झाली. त्यात सोन्याचा कणही नाही. "हेपण कथील?" लेकीने विचारलं. बाबांनी मान हलवली. मग त्या कारागिरांना कातकामाबद्दल काही विचारलं, आणि दोघं लेथवाले अर्धा तास आम्हाला विसरले. मी पाटाच्या किमती विचारून गप्प बसले. परवडण्यातल्या नव्हत्या, पण काम बघता एक रुपयाही जास्त वाटला नाही.

येताना सेव-उसळ खाल्ली. तर्री इतकी जहाल, की आईने दोन पाव जास्त मागवले. लेकीने आधी दोनदा साबणाने हात धुतले.

रात्री तिने आजीच्या फडताळातून एक काळवंडलेली पितळी वाटी शोधून काढली आणि बाबांसमोर ठेवली. सोमवारी सकाळी मी बॅगा भरत होते तेव्हा दोघं नवसागर आणायला मांडवीच्या बाजारात गेले होते. आमची गाडी दुपारची होती.