मनोगत नसलेलं पुस्तक

गेल्या जानेवारीत एका गावच्या साहित्य संमेलनात मला बोलायला बोलावलं होतं. आमच्या सीमाभागात हिवाळा म्हणजे संमेलनांचा हंगाम. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा, एकेका रविवारी एकेका गावात मांडव पडतो. सकाळी ग्रंथदिंडी निघते आणि तिच्या मागं उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवत खोळंबलेले असतात. माझ्या सत्राचं नाव होतं 'पुस्तकामागची गोष्ट'. माझ्या आधी दोघे बोलले, छान बोलले. एकांना नदीनं लिहितं केलं होतं, दुसऱ्यांना आजोबांच्या कपाटानं. माईक माझ्याकडं आला तेव्हा मी म्हटलं, "मला पीएफच्या फॉर्मनं लिहितं केलं." मांडव हसला. मी विनोद केला नव्हता.

आई निपाणीत विड्या वळायची. विडी उद्योगाला भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९७७ साली लागू झाला, पण आईच्या नावाचं कार्ड निघायला आणखी काही वर्षं गेली. २०१४ मध्ये तिला अठ्ठावन्न पूर्ण झाली आणि पेन्शनचा अर्ज भरायचं काम माझ्यावर आलं. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं घरातले सगळे अर्ज माझेच.

पहिल्याच पानावर अडकलो. कारखान्याच्या कार्डावर आईचं नाव मराठीत, रेशनकार्डावर कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत. मराठीतला औकार कन्नडमध्ये जाऊन 'अव' झाला होता आणि इंग्रजीत जाऊन 'ओ'. (नाव इथं लिहीत नाही, आईची मनाई आहे.) कागदोपत्री तीन बायका, आणि पेन्शन एकीचीच. हा प्रकार आमच्याकडं घरोघरी आहे, त्यात नवल काही नाही. खरी अडचण पुढच्या रकान्यात होती. जन्मतारीख आणि कामावर लागल्याची तारीख.

आईकडं तारखा नव्हत्या. खिडकीतल्या माणसाला ती सांगत होती, "आमास्नी म्हैसुरात घातलं, त्या साली माझा जन्म." म्हणजे १९५६, निपाणी म्हैसूर राज्यात गेली ते साल. "धरणी हलली तवा मी आईजवळ बसून पानं कापाय शिकालते." कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९६७. "दुष्काळात हजारी भराय लागले." हजारी म्हणजे हजार विड्या, साल १९७२. "गोळीबार झाला तवा ही पोटात होती, ही चालाय लागल्यावर माझं कार्ड झालं." तो १९८१ च्या एप्रिलमधला तंबाखू आंदोलनाचा गोळीबार, शरद जोशींच्या मागं शेतकरी पुणे-बंगळूर हायवेवर बसले होते तेव्हाचा. मी शेजारी उभी राहून बोटांवर वर्षं मोजत होते. तो माणूस वाईट नव्हता, मागं रांग होती. तो म्हणाला, "बाई, तारीख सांगा. गोष्ट नको."

पेन्शन मिळाली. प्रतिज्ञापत्रं, कारखान्याचा शिक्का, चार हेलपाटे, आणि शेवटी दरमहा हजार रुपये. आई म्हणाली, "महिन्याची एक हजारी." पण 'गोष्ट नको' हे माझ्या डोक्यातून जाईना. मी वही आणली.

वही आणली आणि वाट लावली. पहिली वीस पानं मी मराठीच्या बाईसारखी लिहिली. 'माझी माऊली अहोरात्र कष्टत असे.' मुलांच्या निबंधात असं वाक्य आलं तर मी लाल शाईनं खूण करते. आईला वाचून दाखवलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाची आई म्हनायची ही?"

मग मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं, तर आई गप्प. फोन समोर ठेवला की पाहुण्यांत बसल्यासारखी बसायची आणि "सांगन्यासारखं काय हाय त्यात" म्हणायची. पंधरा दिवस असे गेले. एका संध्याकाळी शेंगा फोडायला घेतल्या होत्या, फोन चुकून चालू राहिला, आणि आई पाऊण तास बोलली. तेव्हा कळलं, हात रिकामे असले की तिला आठवत नाही. त्यानंतर मी दर रविवारी तिच्यासमोर काहीतरी ओतायची. शेंगा, लसूण, तूर निवडायला. माझ्याकडं एक्केचाळीस रेकॉर्डिंग आहेत आणि सगळ्यांत मागं टरफलांचा आवाज आहे.

त्या आवाजातच सगळं आलं. टेंभुर्णीची पानं रात्री भिजत घालायची, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्री फिरवायची, शीर कुठं येते ते बघून. चिमूटभर जर्दा, बोटांची एक गिरकी, तोंड मुडपायचं, दोऱ्याचे दोन वेढे. पंचवीस विड्यांचा कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार. संध्याकाळी माल द्यायला गेलं की तपासणारा कट्टा तळहातावर घेऊन दाबायचा आणि नरम, वाकड्या विड्या बाजूला काढायचा. ती छाट. छाटीची मजुरी नाही, आणि छाट परतही नाही. त्या विड्या पुढं कुठं जायच्या, हे कारखान्यातल्या सगळ्या बायांना माहीत होतं. आई हे सांगताना शेंग जरा जोरात फोडते, रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

शेजारी बसणाऱ्या निम्म्या बाया कन्नड बोलणाऱ्या. त्यामुळं आईच्या गोष्टीत कुणी 'बेग बेग' म्हणतं, कुणी 'साकु' म्हणून ताट सारतं, आणि ती ते मराठीच आहे अशा थाटात सांगते. मी तसंच ठेवलं, अर्थ दिले नाहीत. इथंच एका प्रकाशकाशी बिनसलं. हस्तलिखित आवडलं म्हणाले, पण संवाद प्रमाण मराठीत करा, शिवाय सीमाप्रश्नावर एक प्रकरण घाला, विषयाला वजन येईल. सीमाप्रश्न मला परका नाही. आमच्याकडं व्यासपीठावर माणूस चढला की १९४६ चं बेळगाव संमेलन, अध्यक्ष माडखोलकर आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव यायचाच, आणि यावाच. पण एक्केचाळीस रेकॉर्डिंगमध्ये आईनं राज्याचं नाव दोनदाच घेतलंय, आणि दोन्ही वेळा साल सांगायला. नसलेलं प्रकरण मी कुठून आणू? पुस्तक स्वतःच काढायचं ठरलं.

त्यातलं सोपं आधी सांगते. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घ्यायला पैसे लागत नाहीत. राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्या पोर्टलवर लेखक स्वतः प्रकाशक म्हणून अर्ज करू शकतो. ओळखपत्र जोडताना माझं माहेरचं नाव, सासरचं नाव आणि पुस्तकावरचं नाव असा घोळ झालाच. आईकडून मला वारसा काय मिळाला, ते तिथं कळलं.

अवघड होतं ते छापखान्यात. मी सगळं मोबाईलवर युनिकोडमध्ये टाइप केलेलं, छापखान्याचं काम श्रीलिपी या जुन्या धाटणीच्या फॉन्टमध्ये. रूपांतर करताना जोडाक्षरं सांडली. सगळ्यात जास्त मार बसला ऱ्या-ला. विडीच्या पुस्तकात 'दोऱ्यानं' हा शब्द किती वेळा येतो, याची मला तोवर कल्पना नव्हती. दर पानावर दोरा तुटलेला. तीन प्रुफं काढली. तिसऱ्यातही सात ठिकाणी सापडला, आणि छापल्यावर एका ठिकाणी आहेच. पान सांगणार नाही.

मग पानांचा हिशोब. डेमी आकार, सोळा पानांचा एक फॉर्म. माझी पानं भरली एकशे सत्तेचाळीस. छापखान्याचे मालक म्हणाले, "मॅडम, एकशे चव्वेचाळीस करा नाहीतर एकशे साठ. मधे तीन पानांसाठी अख्खा फॉर्म चढवायचा, तेरा पानं कोरी जातील." कागदाचा भाव त्यांनी आधीच ऐकवलेला होता. मी तीन पानं शोधत रात्रभर बसले. आईचं एक वाक्य काढवेना. पहाटे लक्षात आलं, माझं मनोगत बरोबर तीन पानांचं आहे. त्यात लेखनाची प्रेरणा होती, सगळ्यांचे आभार होते आणि एक कविताही होती. ते काढलं. म्हणून तर लोक आता मला मांडवात प्रेरणा विचारतात.

पाचशे प्रती टेम्पोतून घरी आल्या. कायद्याप्रमाणं कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. मी पाकिटं चिकटवत होते. आईनं विचारलं, कुठं चाललीत? सांगितलं. ती म्हणाली, "आमची पानं मध्य प्रदेशातनं यायची. आता हितनं पान कलकत्त्याला." आणि एकटीच बराच वेळ हसली.

आईला वाचता येत नाही. मला वाटलं होतं ती पुस्तक हातात घेईल, मुखपृष्ठावरून हात फिरवेल, तेव्हा फोटो काढू. फोन तयार ठेवला होता. ती गठ्ठ्याजवळ मांडी घालून बसली. सुतळी सोडली. पुस्तकं घेतली आणि पंचवीस-पंचवीसची थप्पी लावायला लागली. प्रत्येक पुस्तक तळहातावर घ्यायचं, अंगठ्यानं पाठ दाबायची, कड डोळ्यासमोर धरायची आणि खाली ठेवायचं. मधेच एखादं बाजूला.

"ते का काढालीस?" मी विचारलं.

"वाकडं हाय. आनि ह्याचा डिंक बसला न्हाई, दोन दिसांत पान सुटंल."

मी उघडून बघितलं. खरंच पान हलत होतं. दुपारपर्यंत वीस थप्प्या झाल्या, शेवटची अकरांनी कमी. अकरा प्रती वेगळ्या, जुन्या वर्तमानपत्रावर.

"आता ही छाट घेऊन जा," आई म्हणाली, "आनि बदलून आन. तशीच ठिवून घेऊ देऊ नको त्यास्नी."

मी अकरा प्रती पिशवीत घालून छापखान्यात गेले. मालकांनी एकेक उघडून बघितली, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मॅडम, बाइंडिंग कुणी तपासलं हो तुमच्यात?"