हिरवा म्हणजे नेमका कुठला?

जुनी एमजी किंवा जॅग्वार गाडी रंगाला आली की मालक छातीठोकपणे सांगतो, "ब्रिटिश रेसिंग ग्रीन मारा." जणू त्या नावाचा डबा फळीवर तयारच आहे! जुन्या इंग्रजी गाड्यांतच बघा: नेपिअरचा हिरवा ऑलिव्हकडे झुकणारा, बेंटलीचा पार काळपट. नाव तेवढं एकच.

मुळात हा रंग इंग्रजांच्या वाट्याला उरलासुरला आला. 1900 च्या गॉर्डन बेनेट चषकात, म्हणजे देशादेशांतल्या मोटार शर्यतीत, फ्रान्सने निळा घेतला, बेल्जियमने पिवळा, जर्मनीने पांढरा, अमेरिकेने तांबडा. इंग्रज मागाहून आले; पंगतीला उशिरा येणाऱ्याने पानात पडेल ते खावं. 1903 ची शर्यत इंग्लंडात व्हायची, पण तिथे सार्वजनिक रस्त्यावर शर्यतीला बंदी. मग ती आयर्लंडात झाली आणि यजमानांचा मान म्हणून इंग्रजी गाड्यांनी त्यांचा हिरवा मिरवला. आज इटलीचा म्हणून मिरवणारा तांबडा, तो आधी अमेरिकेचा!

मूळ छटा शोधायला बॉनेट कामाचं नाही, ते ऊन खाऊन विटलेलं असतं. स्टेपनीमागे, डॅशबोर्डखाली, दाराच्या रबराखाली बघावं. तिथेही रबिंग कंपाउंडने चार बोटं जागा घासून घ्यावी आणि छटा दिवसाउजेडी जुळवावी. ट्यूबलाइटखाली जुळलेला हिरवा अंगणात निळा मारतो. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पेंट सुकल्यावर गडद होतो, तेव्हा आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून रात्रभर ठेवलेला बरा. पावसाळ्यात तर नकोच. रंग पातळ करणारं थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि गडद हिरव्यावर दुधाळ झाक येते. अडलंच तर सावकाश उडणारं थिनर घ्यावं. तांबड्याची खोड निराळी: खाली ग्रे प्रायमर असला की मळकट, पांढरा असला की उजळ.

आणि साठ वर्षांच्या इंग्रजी गाडीवर मेटॅलिक हिरवा? म्हातारबाबांना जरीचा झब्बा!

जर्मनांचा पांढरा पुढे चंदेरी झाला. 1934 ला जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकवर मर्सिडीज शर्यतीच्या 750 किलो वजनमर्यादेपेक्षा किलोभर जड भरली, म्हणून रातोरात रंग खरवडून उघडा पत्राच पळवला, अशी आख्यायिका. ती शर्यत त्या नियमाखाली नव्हतीच, असं अभ्यासक म्हणतात. असेल. पण चंदेरी गाडीचा एक दरवाजा रंगवून बघा. कोट जरा ओला पडला की ॲल्युमिनियमचा चुरा खाली बसतो, ढगासारखे डाग उठतात, आणि ते लपवायला शेजारच्या मडगार्डावरही रंगाचा हात फिरवावा लागतो.